प्रदर्शन नंतर, आधी नोंदवही

नायगावच्या बीडीडी चाळींतल्या एका तरुण मंडळाने विचारलंय: पुनर्विकासासाठी इमारत रिकामी व्हायच्या आत चाळीच्या इतिहासासाठी एक कायमची संस्था उभी करायची आहे. हाताशी मंडळाची खोली, जमवलेले दोन लाख रुपये, दीडशेच्या आसपास जुने फोटो आणि घरोघरच्या माळ्यांवर पडलेलं सामान. येत्या गणपतीत मोठं प्रदर्शन, मग दर महिन्याला एक कार्यक्रम, असा बेत आहे. सुरुवात कुठून करायची आणि प्रदर्शनात मांडायचं काय? जाता जाता एक वाक्य आहे: तिसऱ्या मजल्यावरच्या ८८ वर्षांच्या आजींकडे गिरणीच्या काळातलं बरंच काही आहे, पण त्यांचा मुलगा देईल असं वाटत नाही.

मी एकतीस वर्षं एका संग्रहालयाच्या नोंदणी विभागात काढली. निवृत्त झाल्यापासून लालबाग-परळ पट्ट्यात तुमच्यासारख्या मंडळांच्या मागे-पुढे असते. सांगते ते थोडं जुन्या वळणाचं वाटेल, पण त्यातलं बरंचसं मी चुका करून शिकले आहे.

पहिली चूक आधीच सांगून टाकते. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेच्या हॉलमध्ये गिरणगावाच्या फोटोंचं प्रदर्शन लावलं होतं. एका फोटोत रस्ताभर माणसं, पांढऱ्या टोप्या, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत बायका. आम्ही खाली लिहिलं, ‘गिरणी कामगारांचा मोर्चा, १९८२’. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ त्या फोटोसमोर पंधरा-वीस मिनिटं उभे राहिले आणि मग मला म्हणाले, “बाई, हा मोर्चा नाही. आमच्या जॉबरची अंत्ययात्रा आहे. सर्वांत पुढच्या पोराच्या हातात मडकं आहे, दिसत नाही का?” (जॉबर म्हणजे गिरणीतला कामगार भरणारा मुकादम.) दिसत होतं. चार शिकलेल्या माणसांनी तो फोटो महिनाभर हाताळला होता आणि एकाचंही लक्ष त्या मडक्याकडे गेलं नव्हतं. आम्हाला मोर्चा हवा होता, म्हणून मोर्चा दिसला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं, की चाळीतलं पहिलं प्रदर्शन दाखवायला नाही, विचारायला लावायचं. तुमच्याकडच्या दीडशे फोटोंपैकी किती फोटोंतल्या सगळ्या माणसांची नावं तुम्हाला सांगता येतील? माझा अंदाज, दहा. बाकीची नावं आज याच चार मजल्यांवर कुणाच्या ना कुणाच्या तोंडात आहेत. इमारत रिकामी झाली की एक कुटुंब संक्रमण शिबिरात, एक भाडं घेऊन कळव्याला, एक कायमचं गावी. नंतर तीच नावं गोळा करायला तुम्हाला अर्धा ठाणे जिल्हा पालथा घालावा लागेल. म्हणून गणपतीचं मोठं प्रदर्शन डोक्यातून जरा बाजूला ठेवा आणि ‘फोटो ओळखा’ची सकाळ आधी लावा.

रविवारी दहा ते एक. (रविवारच का, तर सुट्टी म्हणून. ती सुट्टीही फुकट मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली. पहिल्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला एवढं सांगितलंत तरी लोक नीट सावरून बसतात.) प्रत्येक फोटोची मोठी झेरॉक्स काढा आणि तिला क्रमांक द्या. वर ट्रेसिंग पेपर चिकटवून प्रत्येक डोक्यावर पेन्सिलने आकडा घाला. मूळ फोटो टेबलावर आणायचाच नाही. प्रत्येक टेबलाला लिहिणारा एक मुलगा किंवा मुलगी द्या, शक्यतो नववी-दहावीतली. मोठ्या माणसांना लिहायला बसवलं की ती स्वतःचंच सांगत बसतात. लिहिताना नुसतं नाव नको. कुणी ओळखलं, कधी ओळखलं, खात्रीने की अंदाजाने, हेही हवं. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा, भांडण तिथल्या तिथे मिटवायला जाऊ नका. आमच्याकडे एका फोटोतल्या माणसाबद्दल दोन बहिणींनी दोन नावं सांगितली होती. चार महिन्यांनी तिसरी बहीण गावाहून आली आणि दोघीही चुकल्या आहेत असं निघालं.

आता वस्तूंकडे. इथे सगळं नोंदवहीवर अवलंबून असतं. संगणकावरची यादी चालेल, पण त्याआधी जाड पुठ्ठ्याची, पानांना छापील आकडे असलेली एक वही घ्या, कारण तिच्यातलं पान फाडलं तर कळतं. वस्तू आली की त्याच दिवशी नोंद. क्रमांकाची जुनी आणि सोपी पद्धत अशी: वर्ष, त्या वर्षातला कितवा देणारा, आणि त्याची कितवी वस्तू. म्हणजे चौदाव्या घराने दिलेल्या तीन वस्तूंतली दुसरी असेल तर वर्षाच्या आकड्यापुढे १४.२. क्रमांक वस्तूवर मार्करने लिहू नका. कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, भांड्याला किंवा हत्याराला सुती फितीची चिठ्ठी बांधा. रकाने कितीही करा, पण ‘ही वस्तू कुणी, कुठे, कशासाठी वापरली’ हा रकाना सर्वांत रुंद ठेवा. तो रिकामा राहिला तर वस्तू आणि भंगार यांत फरक उरत नाही.

आणि वस्तू कुठल्या नात्याने तुमच्याकडे आली ते देणाऱ्याच्या सहीने लिहून घ्या. भेट, उसनं आणि नक्कल, हे तीनच प्रकार पुरतात. भेट म्हणजे मंडळाची झाली. उसनं म्हणजे अमुक तारखेला परत. नक्कल म्हणजे फोटो किंवा स्कॅन काढून मूळ त्याच दिवशी घरी. ‘अहो, आपलेच आहेत, सही कसली घ्यायची’ असं म्हणणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक मंडळात असतो. मी ज्या एका गटाबरोबर होते तिथे याच आपलेपणात एका घरचा पितळी जेवणाचा डबा गेला. सासऱ्यांचा डबा, झाकणावर नाव कोरलेलं. प्रदर्शन उतरवताना तो कुठल्या खोक्यात गेला ते आजतागायत कळलेलं नाही. त्या घरातली सून अजून माझ्याशी बोलते, पण डब्याचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघते. सही घेतली असती तर डबा सापडला असता असं नाही. पण आपल्याकडे कुणाचं काय आहे याची यादी उतरवणाऱ्या पोरांच्या हातात असती.

कोरलेल्या भांड्यांवरून आठवलं. तुमच्या चाळीतले शिलालेख म्हणजे ही भांडी! पातेल्याच्या काठावर, ताटाच्या मागे, तांब्याच्या गळ्याशी कुणाच्या लग्नात कुणी आहेर दिला, तारीख, कधी गावाचं नाव, कधी खात्यातल्या मित्रमंडळींचं नाव. गिरणीतल्या एका खात्याने वर्गणी काढून दिलेला हंडा आणि त्याच घरातला मामाने दिलेला हंडा शेजारी ठेवले की नातीगोती आणि कामाची जागा एका टेबलावर दिसते. खर्च काही नाही. भांडी चिंचेने घासून आणू नका एवढंच लोकांना सांगा. घासून घासून अक्षरं पुसट होतात. या एका विषयावरच तुमचा पहिला महिन्याचा कार्यक्रम होईल आणि बायका स्वतःहून येतील.

प्रदर्शनात काय मांडावं, याला माझं उत्तर असं की थोडं मांडा. पंचवीस फोटो, दहा वस्तू, बस. एकेका वस्तूवर जीव ओतून लिहा. उदाहरण धोट्याचं, म्हणजे साच्यावर (मागावर) आडवं सूत टाकणाऱ्या लाकडी नळ्याचं घेते, कारण गिरणगावात प्रत्येक प्रदर्शनात धोटा असतोच आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या पाटीवर ‘धोटा. कापड गिरणीतील साच्याचा भाग. लाकूड व लोखंड’ एवढंच असतं. हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं.

धोटा हातात घेऊन बघा. त्याच्या कडेला एक बारीक भोक असतं. आतली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक त्या भोकाला तोंड लावून ओढून बाहेर काढायचं. दिवसातून कितीदा तरी. कापसाची बारीक धूळ त्याबरोबर पोटात आणि छातीत जायची. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. ज्यांना अस्पृश्य मानलं जाई त्या कामगारांना विणाई खात्यात घेत नसत, कारण त्यांच्या तोंडचा धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, असं इतर साचेवाले म्हणत. विणाईत पगार चांगला होता. म्हणजे त्या भोकातून नुसतं सूत जात नव्हतं, कुणाच्या घरात किती पैसे येणार तेही तिथेच ठरत होतं. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता.

आता हे सगळं पाटीवर येणार नाही, यायलाही नको. साठ-सत्तर शब्दांत बसवा: भोक कुठे आहे ते बघायला सांगा, तोंडाने सूत ओढायचे ते सांगा, कुणाला हा धोटा हातात मिळत नव्हता ते सांगा, आणि हा धोटा कुणाच्या घरून आला ते सांगा. काही जण म्हणतील, जातीचं कशाला काढता, सगळे गुण्यागोविंदाने राहत होतो. राहत असतीलही. तरी बीडीडी चाळींत कुठल्या इमारतीत कुठल्या समाजाची वस्ती जास्त, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. जे सगळ्यांना पाठ आहे ते पाटीवरून गाळलंत, तर ज्यांच्या वाट्याला ते आलं त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं की हे प्रदर्शन आपलं नाही.

दुसरी मांडणी तर जवळजवळ फुकट होते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती बांधल्या. सिमेंट-काँक्रीटच्या, तळमजला अधिक तीन मजले, मधे पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला सामायिक शौचालयं. खोली १६० चौरस फुटांची. हे आकडे भिंतीवर लावून काही होत नाही. मंडपाच्या जमिनीवर रंगीत पट्टीने खरोखरच्या मापाची एक खोली आखा. मोरी कुठे, ओटा कुठे, कपाट कुठे ते खडूने काढा. मग सतरंज्या आणि चादरींच्या घड्या ठेवा आणि येणाऱ्याला विचारा, तुमच्या घरात किती जण झोपायचे, कोण कुठे? आम्ही हे केलं तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तीन भाऊ पंचावन्न-साठीचे, चादरी अंथरून भांडायला लागले की धाकटा पॅसेजमध्ये झोपायचा की कॉटखाली. त्यांची बहीण बाजूला उभी होती. ती म्हणाली, “मी कुठे झोपायचे ते कुणीच दाखवलं नाही.” मग तिने मोरीच्या बाजूची जागा दाखवली आणि पहाटे पाण्यासाठी आधी तिलाच उठावं लागायचं म्हणून ती जागा, हेही सांगितलं. ते सगळं एका मुलीने लिहून घेतलं. आमच्या प्रदर्शनातली सर्वांत चांगली नोंद तीच.

फोटो लावायचे तर मध्यभाग जमिनीपासून दीड मीटरच्या थोडा खाली येऊ द्या. मंडपातली पोरं शिडीवर चढली की सगळं छताला टांगतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या माना दुखतात. अक्षर मोठं. पाटी छापायच्या आधी शेजारच्या काकूंना चष्म्याशिवाय वाचायला द्या. मराठी वर असू द्याच, पण नायगाव-परळमध्ये तेलुगू आणि हिंदी बोलणारी कामगार कुटुंबंही होती. त्यांच्या घरच्या वस्तूखाली त्यांच्या भाषेतली एक ओळ लिहिलीत तर पुढच्या वेळी ते अख्खं घर घेऊन येतात. पंधरा टक्के जागा मुद्दाम रिकामी ठेवा. त्यावर फोटोच्या झेरॉक्स, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल आणि वर एकच प्रश्न, ‘हे कोण?’

गणपतीतच लावायचं का? लावा, गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणपती बसला तेव्हापासून मुंबईत एवढी माणसं एका जागी आयती दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. देखाव्यासमोर रांगेत उभा असलेला माणूस वाचतो, दुसरं काही करायला नसतं. पण मंडपात फक्त नकला न्यायच्या. ताडपत्री, धूर, कापूर, वरून पाऊस आणि खाली ओली चप्पल. मूळ फोटो त्या हवेत दहा दिवस ठेवणं म्हणजे त्याचं विसर्जनच. एका वर्षी आमचे फ्लेक्स वाऱ्याने फाटले तेव्हा मी हसले होते, कारण आत नुसता छापील फ्लेक्स होता. मूळ कागद घरी पेटीत कोरडे होते.

बाकीचं वर्षाचं गणित चाळीच्या गणिताप्रमाणे बसवा. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, म्हणून उत्साहाने कार्यक्रम ठेवाल तर समोर रिकाम्या खुर्च्या. अर्धी चाळ कोकणात असते आणि उरलेली घाटावर. शिमग्यालाही तेच. संक्रांत ते रथसप्तमी मात्र तुमचा खरा हंगाम. हळदीकुंकवाला बायका नटून, सवडीने, मुलांना घरी ठेवून येतात. वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा देण्याऐवजी त्यांच्याच घरच्या जुन्या फोटोची चांगली प्रत द्या, आणि त्या बदल्यात एक आठवण लिहून घ्या. गिरणी कामगारांना घरून जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायका कोण होत्या, किती डबे, पैसे महिन्याला की पगारादिवशी, हे पुरुषांना विचारून कळत नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला. तुमच्या चाळीत त्यांच्यातल्या कुणाची लेक-सून नक्की असेल.

गावी जाण्यावरून अजून एक. चाळीत राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं मुंबईत एखादं ग्रामस्थ मंडळ असतं, आणि काही गावांची सामायिक खोली असते किंवा होती, जिथे नवा आलेला पोरगा पथारी टाकायचा. त्या मंडळांच्या वह्या शोधा. वर्गणीच्या, सभेच्या, मृतांच्या अंत्यविधीच्या खर्चाच्या. गिरणीची कागदपत्रं सहजासहजी हाती लागत नाहीत, पण या वह्या कुठल्या तरी ट्रंकेत असतात आणि त्यांत मुंबईचा इतिहास आण्या-पैशांत लिहिलेला असतो. फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, सरकारी बाजू तिथे मिळते. तुमची बाजू ट्रंकेत आहे.

मुलाखती घ्याल तेव्हा साल विचारू नका. सालं कुणाला आठवत नाहीत आणि न आठवल्याची लाज वाटून माणूस गप्प होतो. खुंट्या वापरा. ट्राम बंद झाली तेव्हा तुम्ही शाळेत होता का? (३१ मार्च १९६४.) कोयनेच्या भूकंपात पहाटे जाग आली होती का, तेव्हा कुठल्या खोलीत होता? (११ डिसेंबर १९६७.) युद्धात काचांना काळे कागद लावले तेव्हा? (१९७१.) चाळीत पहिला टीव्ही कुणाकडे? (मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं.) फार वयस्कर असतील तर गोदीतला स्फोट, १४ एप्रिल १९४४. पण बायकांना आधी विचारा की तेव्हा त्या मुंबईत होत्या की लग्नानंतर आल्या.

आणि गिरण्यांचा संप. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्यात कोण कामावर परत गेलं, कोण नाही गेलं, कुणाचे दागिने गेले, कुणाचा मुलगा वाईट मार्गाला लागला, हे अजून चाळीत धगधगतंय. हा विषय तुम्ही काढू नका, समोरचा काढेल तेव्हा रेकॉर्डिंग चालू आहे याची त्याला आठवण करून द्या. मुलाखत संपल्यावर सही घ्या की हे ऐकवायचं, छापायचं की अमुक वर्षं बंद ठेवायचं. बंद ठेवा म्हणाले तर खरंच बंद ठेवा. प्रदर्शनात संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांचा फोटो लावावा की नाही यावर एक मंडळ फुटलेलं मी पाहिलंय. फोटो लावा किंवा लावू नका, पण परत कामावर गेलेल्या माणसाचं आणि न गेलेल्याचं म्हणणं शेजारी शेजारी लावा.

जपणुकीचं थोडक्यात, कारण इथे मुंबईची हवाच तुमची वैरी आहे. जुलैत ती ८० टक्क्यांच्या वर दमट असते आणि कागदाला साधारण ५० मानवतात. प्रमाणपत्रं, रेशनकार्डं, पास लॅमिनेट करू नका. लोक प्रेमाने करून आणतात आणि मग ते कधीच सोडवता येत नाही. सेलोटेप नाही, डिंक नाही, स्टेपल नाही. चिकट पानांवर प्लॅस्टिक असलेले अल्बम ऐंशीच्या दशकात घरोघर होते, त्यांतले फोटो ओढून काढू नका, आधी पान तसंच स्कॅन करा. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पायाखाली विटा घाला, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्यांचा रंग बदलला की तापवून परत वापरा. डांबराच्या गोळ्या नकोत. उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवसात कपाट उघडून हवा द्या, पण कडक उन्हात फोटो वाळत घालणाऱ्या उत्साही माणसाला आवरा. कागद भिजलाच तर दोन दिवसांच्या आत वाळायला लागला पाहिजे, नाहीतर बुरशी. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. तीन प्रती, त्यातली एक चाळीबाहेर, गावी चालेल. २६ जुलै २००५ ला पाण्यात गेलेल्या तळमजल्यांवर मूळ आणि प्रत एकाच कपाटात होती अशी घरं मला माहीत आहेत.

बांधकामाचा खड्डा खणताना नाणी, ताम्रपट, मूर्ती असं काही निघालं तर ते मंडळाच्या खोलीत आणायचं नाही. जमिनीत सापडलेल्या निधीसाठी १८७८ चा कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या कायद्याखाली येतात, त्यामुळे कुणाच्या देवघरातली जुनी पितळी मूर्ती ‘भेट’ म्हणून घेण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारा. मला स्वतःला वाटतं, देव तर घरातच बरे. त्यांची नक्कल ठेवा.

वारसा फेरी काढायची असेल तर पंधरापेक्षा जास्त माणसं नेऊ नका, दीड-दोन किलोमीटरच्या वर चालवू नका, आणि ध्वनिक्षेपक नको. लोक राहताहेत तिथे, प्राणिसंग्रहालय नाही ते. कुणाच्या दारासमोर थांबणार आहात त्यांना आदल्या दिवशी सांगा आणि जमलं तर त्यांनाच बोलू द्या.

संस्था नोंदवण्याची घाई करू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं लागतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झाली की दरवर्षीचे हिशेब, बदल अर्ज हे मागे लागतं. नोंदणी झालेल्या आणि दुसऱ्या वर्षी अध्यक्षपदावरून बंद पडलेल्या संस्था मी मोजायचं सोडून दिलंय. पहिलं वर्ष आहे त्याच मंडळाची उपसमिती म्हणून काढा. पण पहिल्याच सभेत एक ठराव कागदावर घ्या: आपण बंद पडलो तर जमलेलं सामान कुठे जाईल. एखाद्या संग्रहालयाचं, ग्रंथसंग्रहालयाचं किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाचं नाव त्यात घाला, आधी त्यांना विचारून. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून आहे, तरी त्याचीही मधे पडझड होऊन ते दुरुस्त व्हायला २००८ उजाडलं. तुमची खोली तर इमारतीबरोबरच जाणार आहे. नव्या टॉवरमध्ये सोसायटी ऑफिसशेजारी एक भिंत आणि एक कपाट मिळेल का, हे नकाशे चर्चेत असतानाच लेखी मागा. चावी मिळाल्यावर कुणी देत नाही.

दोन लाखांतले निम्मे स्कॅनर, पेट्या, आम्लरहित कागद आणि हार्डडिस्कवर घाला. उद्घाटनाला हार-शाल-स्टेज नको. आमदार, नगरसेवक येतीलच, त्यांना ‘फोटो ओळखा’च्या टेबलावर बसवा. बरेचसे इथलेच असतात, आपल्या वडिलांचा फोटो सापडला की भाषण विसरतात.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. मुलगा देणार नाही म्हणता, तर मागू नका. तुम्हाला सामान नकोय, आजींना त्याबद्दल काय माहीत आहे ते हवंय. तुमच्यातल्या दोघी मुली जा, मुलगे नकोत. मुलगा कामावर असेल अशी दुपारची वेळ बघा. चोरून नाही, त्याला आदल्या दिवशी सांगून, पण तो घरात नसताना. मुलगा समोर असला की आई दर दोन वाक्यांनी त्याच्याकडे बघते आणि तो तारखा दुरुस्त करत राहतो. प्रश्नांचा कागद नेऊ नका. ट्रंक उघडायला सांगा आणि एक एक वस्तू त्यांच्याच हातात राहू द्या. फोटो तुम्ही मोबाइलवर काढा. एका वेळी चार-पाच वस्तूंपेक्षा जास्त नको, त्या दमतील. दुसऱ्या खेपेला पहिल्या वेळच्या फोटोंच्या छापील प्रती घेऊन जा, त्या मुलाच्या हातात द्या. एवढं सगळं गणपतीच्या तयारीआधी करा, आणि एप्रिल संपायच्या आत, कारण मे महिन्यात त्या गावी जातील.